सावडीचा माणूस

"तुझ्या घरचा माणूस कोण येणार सावडीला?" बेद्रूआबानं विचारलं, आणि तेमिमाच्या अंगणात बसलेली माणसं आपापल्या वाटीतल्या कॉफीत बघायला लागली.

उन्हं तापली होती. बागा उकरायचे दिवस आले होते. त्या डोंगरात ज्याच्या घरामागं एन्सेट उभी, त्याचं घर उभं. दिसायला केळ, पण फळ धरत नाही. खायचा तो बुंधा आणि कंद. रोपं वाढली की मोकळ्या जमिनीत हलवायची, आणि ती जमीन छोटा पाऊस यायच्या आत दुदातीनं उलटी करायची. दुदाती म्हणजे दोन लोखंडी दातांचा जड दांडा. एकट्यादुकट्याचं काम नव्हे ते. प्रत्येक घरानं एक बाप्या द्यायचा, आणि सगळ्यांनी मिळून एकेका घरची बाग उकरायची. ज्या घरातून माणूस नाही त्या घराला पाळी नाही.

तेमिमाचा नवरा मिफ्ता अदिस अबाबाच्या बाजारात जोडे विकत होता. त्याचा निरोप आला होता, 'यंदा दुकान सोडता येत नाही. केयरूला धाडा.'

केयरू त्याचा धाकटा भाऊ. तो भिंतीला टेकून बसला होता. तोंड अर्धवट उघडं, ओठाच्या कडेला लाळेची तार, हातातली वाटी सारखी थरथरणारी.

"केयरू येईल की," तेमिमा म्हणाली.

बेद्रूआबा सावडीचा म्होरक्या. वाईट माणूस नव्हता. त्यानं दाढी खाजवली. "बाई, राग मानू नकोस. गेल्या साली तो दुदाती टेकून उभ्या उभ्या झोपला. बाकीची पोरं कुरकुर करतात. आपण त्याला अर्धा माणूस धरू. तुझी अर्धी बाग उकरून देऊ."

"अर्धा कुठला, आबा?" एकजण म्हणाला. "जेवण झालं की त्याचा पाव होतो."

सगळे हसले. मग केयरूही हसला, सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटाच. ते मागाहून आलेलं हसू तेमिमाच्या काळजात काट्यासारखं मोडून राहिलं.

ती या घरात नवरी होऊन आली तेव्हा केयरू शाळेत जायचा. सासूची नजर चुकवून तिच्या पाठीवरची पाण्याची घागर आपल्या पाठीवर घ्यायचा. पुढं भावाच्या दुकानात कामाला गेला आणि वर्षभरानं मिफ्तानं त्याला दंडाला धरून परत आणला. रेडिओवाला आपलं नाव घेतो, गिऱ्हाइकं जोड्यांत कान लपवून आणतात, असं म्हणायचा. शेखची दुवा झाली, ताईत झाले, धुरी झाली. त्याला खांबाला बांधूनही झालं. मनगटाला अजून वळ होते. शेवटी बाजारगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा सिस्टर वोयनशेतनं आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. सकाळी एक, रात्री दोन. गोळ्यांनी आवाज थांबले नाहीत, लांब गेले. "डोंगरापलीकडं भांडतात वहिनी," तो सांगायचा. "शब्द कळत नाहीत आता." पण आवाजांबरोबर त्याच्या अंगातला जोरही डोंगरापलीकडं गेला.

सासू मरताना एवढंच म्हणाली होती, "त्याला पुन्हा बांधू नका."

माणसं गेल्यावर तेमिमा बागेत गेली. मोठ्या पानांच्या सावलीत रोपं दाटीनं उभी होती, एकमेकांचा गळा आवळत. पुढची जागा कडक, पांढरी, भेगाळलेली. अर्धी रोपं हलली तर उरलेली जागच्या जागी खुरटतील. एन्सेट आज लावली की कित्येक वर्षांनी पोटात येते. पाठीवर झोपलेल्या तान्ह्या लेकीची, हयातची पाळी येईल तेव्हा घरामागं काय असेल?

सकाळी केयरूनं नेहमीसारखा तळहात पुढं केला. तेमिमानं डबी उघडली आणि मिटली.

"सकाळची नको घेऊस," ती म्हणाली. "तिनं दुपारी झोप येते. रात्रीच्या घे. काम आटपेस्तोवर."

केयरूनं रिकाम्या तळहाताकडं बघितलं, मग तिच्याकडं. हात कुडत्याला पुसून उठला.

आठवड्याभरात त्याच्या हाताची थरथर गेली. लाळ थांबली. एका दुपारी बागेच्या त्या टोकावरून दुदातीचा धप्प, धप्प असा एकसुरी आवाज आला. तेमिमा धावत गेली, तर केयरू उघड्या अंगानं ढेकळं उलटत होता, पाठीवर घाम चमकत होता. तिला बघून म्हणाला, "काय बघतेस? अर्धाच माणूस आहे. उरलेला घरात झोपलाय."

ती इतकी हसली की हयात जागी झाली.

मग तिनं रात्रीच्या गोळ्यांतलीही एक कमी केली, आणि पुढं दुसरीही. असं का केलं ते कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तो बरा दिसत होता. बऱ्या माणसाला औषध कशाला? उरलेल्या गोळ्या ती चिंधीत बांधून छपराच्या काटक्यांत खोचून ठेवायची. रात्री केयरू हात पुढं करायचा नाही, ती डबी काढायची नाही. दोघांनीही त्याबद्दल बोलणं टाळलं.

सावडीत केयरूचं नाव झालं. ओळीत सगळे एकदम दुदाती उचलत, एकदम खुपसत, दांड्यावर भार टाकून ढेकूळ उलटत. केयरूचं ढेकूळ सगळ्यांत मोठं. तो गाणं उचलायचा आणि बाकीचे ओढायचे. "आबा, ह्याला दीड धरा," त्या दिवशी खिदळणारा माणूसच आता म्हणाला. तेमिमाची बाग सबंध उकरून झाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळीभोर. रोपं हलवताना तेमिमाच्या अंगात वारं भरलं होतं. शेजारची लुबाबा म्हणाली, "दीर नाही, वाघ आहे तुझा." तेमिमानं मान वाकडी करून ते ऐकून घेतलं.

मग केयरूची झोप उडाली.

आधी त्यानं कानात चिंध्या कोंबल्या. "पानं फार बोलतात," म्हणाला. मग कोचोची, आंबवलेल्या एन्सेटची, भाकरी हुंगून बाजूला सारायला लागला. लुबाबाबरोबर कंद खरवडत बसलेली असताना तेमिमाला तो झाडाआड उभा दिसायचा, ओठ हलत असायचे. एकदा त्यानं विचारलं, "वहिनी, मातीखाली कोण आहे?"

"कुणी नाही. गांडुळं आहेत."

"गांडुळं माझं नाव घेतात?"

सगळं कळलं तिला. घरात जाऊन छपरातली चिंधी काढली. गोळ्या हातात घेतल्या, आणि तिच्या मनात आलं, दोनच बागा राहिल्यात. त्यातली एक बेद्रूआबाची. आपली बाग त्यांनी उकरून दिली; आता आपला माणूस झोपला तर लोक काय म्हणतील? आज दिली तर उद्या तो पुन्हा भिंतीला टेकेल. दोन बागा होऊ देत. तिनं चिंधीची गाठ पुन्हा मारली.

ती गाठ मारतानाचे आपले हात तिला पुढं कितीतरी वेळा दिसले.

बेद्रूआबाच्या बागेत ती बायकांबरोबर जेवण घेऊन गेली होती. माणसं ओळीत होती. अचानक केयरू थांबला.

"थांबा! खाली माणूस आहे. दात त्याच्या पाठीत जातायत."

"तुझा आजा असेल," कुणीतरी म्हणालं. ओळ हसली आणि पुन्हा दुदात्या वर गेल्या.

"थांबा म्हणतो ना!" केयरूनं शेजाऱ्याला ढकललं, दुसऱ्याचा दांडा धरला. बेद्रूआबा पुढं झाला, "ए पोरा, शांत हो," म्हणत त्यानं केयरूच्या हातातली दुदाती धरली. केयरूनं ती हिसडली. एक दात आबाच्या पावलातून आरपार जाऊन मातीत रुतला.

आबा ओरडला नाही. नुसता बसला. मग सगळी ओळ केयरूवर पडली. त्याचं तोंड ढेकळात दाबलेलं, तोंडात माती, आणि तो मातीतच ओरडत होता, "त्याला लागलं! खालच्याला लागलं!"

"दावं आणा कुणीतरी!"

तेमिमाच पळाली. घरात शिरून गाईच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि आणून दिलं. माणसांनी त्याला उचलून तिच्या घरात नेलं, मधल्या खांबाला पाठ लावून बसवलं. गाठ मारणाऱ्याला ती म्हणाली, "मनगटाला नका. जुने वळ आहेत." त्यानं दंडाला बांधलं. सासूचे शब्द तिला आठवले नाहीत असं नाही. पण ते आठवून ती करणार काय होती? दावं तिनंच आणलं होतं.

रात्रभर गाय मोकळी हिंडत होती आणि केयरू बांधलेला होता.

सकाळी घोडागाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. बेद्रूआबाही त्याच गाडीत, पाय फडक्यात गुंडाळलेला. दवाखान्यात दोघांना एकाच बाकावर बसवलं. एक पोरगी आबाची जखम धूत होती, लाल पाणी तसराळ्यात पडत होतं. सिस्टर वोयनशेतनं केयरूचे डोळे बघितले, त्याच्याशी हळू बोलली, सुई टोचली. मग तेमिमाकडं वळली.

"गोळ्या रोज दिल्या?"

खोलीत सावडीची माणसं उभी होती. आबाची नजर तिच्यावर होती. नाही म्हटलं की तो पाय तिच्या पदरात येत होता.

"दिल्या."

"एकही चुकली नाही?"

"नाही, सिस्टर."

"मग या कमी पडतात," सिस्टर म्हणाली आणि तिनं गोळ्या वाढवल्या.

तेमिमानं ते ऐकलं. तोंड उघडायला तेव्हाही वेळ होता. तिनं पुडी घेऊन ओच्यात बांधली.

आता ती एकही गोळी चुकवत नव्हती. जणू मागच्या सगळ्या भरून काढायच्या होत्या. आवाज गेले. पण थोड्याच दिवसांत केयरूचं अंग लाकडासारखं झालं. मान एका बाजूला ओढलेली. चालला तर पावलं घासत, हात न हलवता, जणू खांब चालतोय. कोचोचा घास घशात अडकून तो निळा पडला, तेव्हा तिनं पाठीत बुक्के मारून तो काढला. मग ती जवाची पातळ पेज करून भरवायला लागली. एका मांडीवर हयात, समोर केयरू. दोघांच्या हनुवटीवरून पेज ओघळायची. हयातची पुसताना तो बघत राहायचा. त्याची पुसताना डोळे मिटून घ्यायचा.

त्याची लुंगी धुताना ती धाय मोकलून रडायची, आणि दवाखान्यात जाऊन सांगायचं रोज ठरवायची. रोज काहीतरी आडवं यायचं. गाय. लाकडं. हयातचा ताप. खरं म्हणजे आडवं काहीच नव्हतं. बेद्रूआबा काठी टेकत तिच्या कुंपणावरून जायचा आणि घराकडं न बघता थुंकायचा, एवढंच.

निरोप कळल्यावर मिफ्ता आला. त्यानं आबासाठी नवे जोडे आणले होते. आबानं ते घेतले, एका पायात जोडा आणि दुसऱ्यात चिंधी असा अंगणात बसला. मिफ्ता शरमेनं लाल होऊन घरी आला आणि कोपऱ्यातल्या भावाकडं बघून म्हणाला, "ह्याचं हे काय झालं?"

"गोळ्यांनी," तेमिमा म्हणाली.

"मग चल, विचारू त्या बाईला."

दवाखान्यात मिफ्ता सिस्टरवर चढलाच. "गोळ्या देऊनही वेड लागतं, आणि जास्त दिल्या की माणूस ओंडका होतो. मग द्यायच्या कशाला?"

सिस्टरनं केयरूचा कोपर धरून हात वाकवून बघितला, मान चाचपली. चेहरा उतरला तिचा. "पहिल्या गोळ्यांवर तो इतकी वर्षं बरा होता," ती तेमिमाला म्हणाली. "मला कळत नाही. पुन्हा विचारते. त्या पोटात जात होत्या ना?"

तेमिमा बोलणार होती. खरंच बोलणार होती. पण तेवढ्यात केयरूच्या तोंडातून जाड, चिकट शब्द आले.

"मी थुंकत होतो."

"काय?"

"वहिनी द्यायची. मी... जिभेखाली धरायचो. थुंकायचो."

मिफ्ताचा हात उठला आणि भावाच्या मानेवर बसला. त्या वाकड्या मानेवर. "हरामखोरा! तिकडं मी रक्त आटवतो आणि तू—"

"मारू नका त्याला!" तेमिमा ओरडली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "त्यानं नाही थुंकल्या. मी दिल्याच नाहीत. आधी सकाळची बंद केली, मग रात्रीच्या. माणूस हवा होता सावडीला. त्याला आवाज यायला लागले तेही मला कळलं होतं. तरी नाही दिल्या." निघताना छपरातून काढून ओच्यात खोचलेली चिंधी तिनं टेबलावर ठेवली. गाठ तिला सुटेना. सिस्टरनं सोडली.

मिफ्ताचा पुन्हा उगारलेला हात अजून हवेत होता. तो त्यानं खिशात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

"मी तुझ्या शब्दावर माप धरलं, बाई," सिस्टर म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "झोप येते, काम होत नाही, हे येऊन मला सांगायचं होतंस. वेळ बदलता आली असती. गोळी बदलून बघता आली असती."

तेमिमा मान खाली घालून उभी राहिली. सांगता येतं, हे तिला सुचलंच नव्हतं. सिस्टरनं गोळ्या पहिल्यासारख्या केल्या आणि आखडलेलं अंग मोकळं व्हायला वेगळी गोळी दिली.

परतताना गाडीत मिफ्ता एकदाच बोलला. "निरोप धाडायचास."

"धाडला होता," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, केयरूला धाडा."

तो उठून गाडीवानाशेजारी जाऊन बसला.

घरी पोचल्यावर ती तशीच बेद्रूआबाच्या दारात गेली. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आबानं ऐकून घेतलं. म्हणाला, "पाय भरून येईल. पण तुझ्या कुंपणावरून जाताना मी त्या पोराच्या नावानं थुंकलोय. ते आता कसं गिळू?" मग म्हणाला, "जा. आत्ता मला तुझं तोंड बघायचं नाही."

मिफ्तानं दुकान तसंच ठेवलं आणि आबाची राहिलेली बाग स्वतः उकरायला घेतली. शहरात मऊ झालेल्या हातांना पहिल्याच दिवशी फोड आले. ते फुटून दांडा रक्तानं चिकट झाला. तेमिमा फडकी बांधायला गेली तर त्यानं हात मागं घेतला. लुबाबा तिला म्हणाली, "मीही हेच केलं असतं गं." तिला वाटलं होतं अशा बोलण्यानं बरं वाटेल. वाटलं नाही.

केयरूची मान हळूहळू सरळ झाली. तो स्वतःच्या हातानं जेवायला लागला. पण तेमिमाशी बोलेना. ती गोळ्या द्यायची, तो घ्यायचा, पाणी प्यायचा आणि भिंतीकडं तोंड करायचा. तिला वाटलं, बरोबरच आहे. मी त्याच्याशी जे केलं त्यानंतर त्यानं बोलावं तरी का?

एका सकाळी ती बागेत एन्सेटचा बुंधा खरवडत होती. बुंध्याचं सोपट तिरप्या फळीवर टाचेनं दाबून धरलेलं, हातात बांबूची पट्टी, मांडीवर पांढरा रस उडालेला. या कामाजवळ बाप्ये फिरकत नाहीत. केयरू आला आणि थोड्या अंतरावर, पाठ करून, पानांच्या ढिगावर बसला.

"तू दवाखान्यात का बोललीस?" त्यानं विचारलं.

तिची पट्टी थांबली. "खरं होतं ते. तुझ्यावर आळ कसा येऊ देऊ?"

"मी बोललो होतो ना? झालं होतं ना काम? थुंकल्या म्हटलं तरी सिस्टर गोळ्या कमी करणारच होती."

"पण तू थुंकल्या नव्हत्यास."

"मला काय कळत नव्हतं?" त्याचा आवाज अजून जड होता, पण शब्द स्वच्छ होते. "पहिल्या दिवशीच कळलं. डबी छपरात नव्हती, समोर फळीवर होती. मला हात नव्हते? मीही नाही घेतल्या. हातात जोर आला होता वहिनी. पोरं मला दीड माणूस म्हणत होती. आवाज जवळ आले तेव्हाही मी म्हटलं, येऊ देत, दोन बागा राहिल्यात."

तेमिमानं मान वर केली. "तूही तसंच म्हटलंस?"

"आता सगळे म्हणतात, बिचारा केयरू, वहिनीनं त्याचं असं केलं. आबा परवा आला, माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेला. पोराच्या फिरवतात तसा. त्याच्या पायात दात मी घातला. मी! आणि तो मलाच कुरवाळतो." तो वळला. बाप्यानं या कामाकडं वळून बघायचं नसतं, तरी वळला. "सगळं तूच उचलून नेलंस. माझ्या वाट्याला काहीतरी ठेव."

माफी मागायची म्हणून कधीची शब्द जुळवून बसली होती ती. ते शब्द आता कुणापुढं ठेवायचे ते तिला कळेना. त्यानं तिला क्षमा केली नव्हती, दोषही दिला नव्हता. नुसता आपला हिस्सा मागितला होता, आणि तो देणं तिला सगळ्यांत जड जात होतं.

"आबाकडं जाऊन हे सांगणार आहेस?" तिनं शेवटी विचारलं.

"आज जातो. मिफ्ताबरोबर ढेकळं फोडायला बसेन. दुदाती नाही उचलत." उठताना तो थोडा झोकांडला. तिनं हात पुढं केला, आणि तो धरायच्या आत मागं घेतला. केयरू स्वतःच सावरला, पावलं घासत कुंपणाकडं गेला.

तेमिमानं टाच पुन्हा फळीवर रोवली. डोळे भरून आले होते, पण रडायची सोय त्यानं ठेवली नव्हती. ती पट्टी जोरजोरानं ओढत राहिली.